आंबटओले कागद

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या घरी कुणाला काही वाळवावं लागलं नाही. सगळं आपोआपच वाळत होतं. मुखेड तालुक्यातलं आमचं गाव. आईकडे त्या साली धड असं एकच लुगडं होतं. विहिरीवर मिळालेल्या घागरीतल्या थोड्या पाण्यात ती लुगड्याचं अर्धं टोक खंगाळायची, बाकीचं अंगावर तसंच ठेवायची आणि ओलं टोक दोन्ही हातांनी वाऱ्यावर धरून घराकडे निघायची. घर येईपर्यंत ते कडकडीत झालेलं असायचं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आई आणि बाबा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मी त्यांच्यामागे. तिथल्या हजेरी कारकुनाला एकदा कळलं की मला वाचता येतं. त्याचे डोळे धुळीनं लाल झालेले असायचे. त्यानं हजेरीपट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वाच पोरी, मोठ्यानं." मी नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं वाचायची आणि लांबून उत्तर यायचं, "हाय." आमच्या बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्यांना जन्मात कुणी असं पूर्ण नावानं हाकारलं नव्हतं. आपण कारकून व्हायचं हे मी त्या खडीच्या ढिगावर बसून ठरवलं. त्या माणसाचे उपकार मी अजून मानते. पण कागद सांभाळायचा कसा हे मला त्याच्याकडून शिकायला मिळालं नाही. ते दहा वर्षांनी, भर पावसात, एका पाणी भरणाऱ्या बाईनं शिकवलं.

उस्मानाबादेतून लातूर वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्यात माणसं लागत होती. मी नांदेडला राहून टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. कनिष्ठ लिपिकाची ऑर्डर आली ती लातूरची. बाबांनी माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, "सरकारी नोकर हाय, नीट उतरवा." त्या पावसाळ्यात लातुरात जिकडे तिकडे नव्या पाट्या लागत होत्या. ऑफिसं भाड्याच्या घरांत, शाळांच्या वर्गांत, जिथं जागा मिळेल तिथं बसली होती. आमचं ऑफिस तेलाच्या जुन्या गिरणीच्या गोदामात होतं. वर पत्रे, भिंती जाड, खिडक्या खाली लहान आणि वर छपराशी झरोके. पावसाळी हवेत फरशीला पेंडीचा वास सुटायचा. कुठलं खातं ते सांगत नाही. जमिनीचे जुने कागद आमच्याकडे असायचे एवढं पुरे.

कामावर येऊन मला महिनाही झाला नव्हता. आमच्या वाट्याचं जुन्या कागदांचं दप्तर उस्मानाबादेहून ट्रकनं येणार होतं. औशाच्या अलीकडे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि गाडी एक रात्र न् अर्धा दिवस पावसात उभी राहिली. ताडपत्री होती, पण वर पाणी साचलं, मधे ती खचली आणि साचलेलं पाणी आत उतरलं. यात दोष कुणाचा नव्हता. ड्रायव्हर बिचारा स्वतः ताडपत्रीवर आडवा पडून राहिला होता. तो आला तेव्हा त्याला हुडहुडी भरली होती.

चाळीसेक बस्ते भिजले. बस्ता म्हणजे लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. उचलला की मांडीवर पाणी गळायचं आणि हात लाल व्हायचे. आत कुठलं शेत कुणाचं ते सांगणारी खासरा पाहणीची पत्रकं, जुन्या उर्दू नोंदी, वारसाचे अर्ज. निजामाच्या काळातली काळी शाई जागची हलली नव्हती. अलीकडची फौंटन पेनची निळी शाई मात्र पसरली होती.

आमचे अव्वल कारकून उस्मानाबादेहून बदलून आले होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. माणूस तापट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. ते म्हणाले, "बाई, एकेक माणसाची जमीन आहे ही. सोडा आणि पसरा."

आम्ही सोडले आणि पसरले. ओलं पान ओल्या पानाला चिकटलेलं. उचलायला गेलं की फाटायचं. गोदामभर फरशीवर कागद अंथरले. बाहेर पाऊस थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर कागद होते तसेच ओले, वर कडा वळलेल्या. तिसऱ्या दिवशी काहींवर हिरवट ठिपके दिसले आणि बुरशीचा वास आला.

मग भाऊसाहेबांनी हॉटेलवाल्याकडून कोळशाच्या चार मोठ्या शेगड्या आणवल्या, मधोमध पेटवल्या आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारं, खिडक्या, झरोके सगळं लावून घेतलं. दुपारपर्यंत आत जीव घाबरा झाला. भिंतींना घाम फुटला. थोड्या वेळानं माझ्या हातावर टपकन थेंब पडला. मी वर पाहिलं. पाऊस नव्हता, पत्राच आतून गळत होता. थेंब खालच्या कागदांवर पडत होते.

तेवढ्यात दार उघडून पाणीवाली मावशी आत आली. ऑफिसात रांजण भरायला रोजंदारीवर ठेवलेली बाई, पस्तिशीची असेल. माहेर देगलूरकडचं, घरात तेलुगू बोलणं. नवरा गवंडी. नव्या जिल्ह्याची बांधकामं निघाली म्हणून दोघं दोन लेकरांना घेऊन लातूरला आले होते. तिनं घागर खाली ठेवली, वर पाहिलं, भिंतीवरून बोट फिरवलं आणि मला हळूच म्हणाली, "बाई, खोली घाम गाळून राहिली. हिला उघडा."

"उघडलं तर ऊब जाते, मावशी."

"ऊब जाऊ द्या की. तिच्यासंगं पाणी जातंय." मी खिडकीला हात लावला नाही तशी ती म्हणाली, "ओलं फडकं घेऊन ओली फरशी पुसली तर कोरडी होती का? तसं हाय हे. हवा पाणी पिऊन टम्म झाली, आता तिला आणखी कुठून पिता येतंय? तिला बाहेर घाला, दुसरी आत घ्या."

भाऊसाहेब टेबलापाशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?"

"लग्नाच्या आधी सात वर्सं इडीच्या कारखान्यात होते, साहेब. वाळवणीच्या खोलीत. पावसाळ्यात इड्या उन्हात कशा वाळतेल? शेगडीवरच वाळवीत होतो." विडीला ती इडी म्हणायची.

पाणीवालीचं ऐकून सरकारी दप्तराला हात लावायचा. त्या काळात हे सोपं नव्हतं. पण वरून आणखी एक थेंब पडला, भाऊसाहेबांच्याच टेबलावरच्या कागदावर. ते म्हणाले, "काय करायचं ते सांग."

तिनं आधी शेगड्या बाहेर काढायला लावल्या. "पाणी दाबून निघतंय तवर आगीला कशाला तरास द्यायचा?" जे बस्ते अजून उघडले नव्हते ते तिनं उभे, जरा तिरपे लावले आणि खालून पाणी गळू दिलं. मग दोन फळ्यांच्या मधे एकेक बस्ता ठेवून वर विटा रचल्या, एकदम नाही, दर घटकेला एक. फळ्यांखालून पाण्याची धार लागली तेव्हा भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली आणि ते पहिल्यांदा बसले.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा डोक्यावर तुराट्यांचे भारे घेऊन आला. तुरीच्या वाळलेल्या काड्या आमच्याकडे कुडाला, चुलीला वापरतात. त्यांच्या ताट्या बांधून तिनं विटांवर आडव्या टाकल्या. कागद आता फरशीवर नव्हता. त्याला वरून वारा लागत होता, खालूनही लागत होता. शेगड्या भिंतीकडच्या बाजूला, निखाऱ्यांवर राख घातलेली. त्या बाजूच्या खालच्या खिडक्या उघड्या आणि समोरच्या भिंतीचे वरचे झरोके उघडे. बाहेरची दमट हवा शेगड्यांवरून येताना गरम व्हायची, कागदांमधून जायची आणि वरून निघून जायची. शेगड्यांजवळ तिनं दोन भरलेल्या घागरी आणि वाळूची पाटी ठेवली आणि तिथून ती सहसा हलली नाही. रांजण भरायचं काम त्या दिवसांत मी आणि शिपाई करायचो.

पानं कधी सुटी करायची, हे शिकायला मला चार दिवस लागले. फार ओलं असलं तर फाटतं, फार वाळलं तर चिकटून बसतं. मधे एक वेळ असते. कपडे आंबटओले असतात म्हणतो ना, तसा कागद आंबटओला झाला की त्याचा कोपरा बोटाला आपणहून सुटतो. त्या वेळी सोडवायचा, उलटायचा, परत टाकायचा. वाळला की नाही ते मावशी गालाला लावून बघायची. "गार लागलं की समजायचं आत पाणी हाय. पाणी निघून जाऊन राहिलं म्हणून गार लागतंय. संपलं की गार लागायचं थांबतंय." मग गालावरून कागद काढून ती म्हणायची, "आरिंदि." तेलुगूत वाळलं म्हणजे आरिंदि. आठवड्याभरात भाऊसाहेबसुद्धा गालाला कागद लावून 'आरिंदि' म्हणायला लागले. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटायचं, या ऑफिसातल्या माणसांना काय झालंय.

माझ्या हातून एक चूक झाली ती सांगायलाच हवी. निलंग्याकडच्या एका गावाचा बस्ता मला त्या दिवशी संपवायचा होता. मी तो शेगडीच्या जवळ सरकवला. तासाभरात वरची पानं कुरकुरीत झाली, कडा छान वाजायला लागल्या. मी गठ्ठा जमवला, बांधला आणि फळीवर ठेवून दिला. दोन दिवसांनी मावशीनं जाता जाता तो उचलला आणि थांबली.

"हा कुणी बांधला?"

"मी."

"जड हाय."

सोडला तर मधली पानं एकमेकांना घट्ट बसून त्यांची वीट झालेली. वरून वाळलेलं, आत पाणी कोंडलेलं, आणि वास. नोकरी लागून दोन महिने नाही झाले, आणि कुणाचं तरी सगळं घरदार मी चिकटवून टाकलं होतं. मला रडू आलं. मावशीनं माझी समजूत घातली नाही की ती रागावलीही नाही. ती म्हणाली, "जास्त आच लागली की वरचं कातडं आवळतंय, मग आतल्या पाण्याला वाट राहत न्हाई. इडीचं बी तसंच होतंय. भाऊसाहेबांना सांगा आधी, मग बघू."

मी जाऊन सांगितलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. लपवलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात सापडलं असतं."

मावशीनं हंड्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यावर पिठाची मोठी चाळण ठेवली आणि ती वीट पातळ फडक्यात गुंडाळून चाळणीवर ठेवली. इतके दिवस पाणी काढण्यासाठी धडपडलो आणि आता परत वाफ द्यायची, हे मला बघवेना. पण थोड्या वेळानं कडा सैलावल्या. तिनं ज्वारीच्या धाटाची पातळ चिपाटी घेतली, दोन पानांच्या मधे घातली आणि श्वास रोखून सरकवली. एक पान सुटलं. मग तिनं चिपाटी माझ्या हातात दिली. "तुमच्या हातानं झालंय, तुमच्याच हातानं निघू द्या." त्या एका गठ्ठ्याला आम्हाला दोन दिवस लागले. चार पानं गेली, त्यांवरचं काही वाचता येईना. बाकीची सगळी निघाली.

त्याच सुमाराला आई मला भेटायला आली. मुलगी कुठं काम करते ते बघायचं होतं तिला. ती आली आणि तुराट्यांच्या ताट्यांवर पसरलेले ते शेकडो कागद बघून दारातच उभी राहिली. "काय वाळू घातलंय गं?"

"शेतकऱ्यांच्या जमिनीचे कागद, आई."

आमच्या घरात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केली. तिला वाईट वाटेल की काय, असं मला उगाच वाटलं. तिनं चपला बाहेर काढल्या, पदर खोचला आणि मावशीला विचारलं, "कसं उलटायचं ते सांगा, बाई." दिवसभर दोघी शेजारी बसून पानं उलटत राहिल्या. एक मराठी बोलायची, दुसरी अर्धी मराठी, अर्धी तेलुगू. बोलायला विषय लेकरांचे आणि गुडघ्यांचे. निघताना आई मला म्हणाली, "लई शानी बाई हाय. तिचं ऐकत जा."

पंधरा-सोळा दिवसांनी शेवटचा बस्ता बांधला. बांधायचा तोही गरम असतानाच, नाहीतर कागद रात्रीतून हवेतलं पाणी परत ओढून घेतो. ऊन अजूनही नीट पडलं नव्हतं. वरचे साहेब पाहणीला येणार म्हणून भाऊसाहेबांनी मला रिपोर्ट टाइप करायला दिला. त्यात लिहिलं होतं, 'कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी अथक परिश्रम करून.' मी तेवढं टाइप केलं आणि थांबले. नवी होते, वयानं लहान होते, आणि आमच्या लोकांनी ऑफिसात फार बोलू नये असं काहींना वाटतं हेही मला ठाऊक होतं. तरी उठून गेले.

"भाऊसाहेब, यात मावशी नाहीत."

"रोजंदारीवरच्या बाईचं नाव रिपोर्टात कसं घालणार? ती कर्मचारी नाही."

"मग कर्मचाऱ्यांनी केलं हेही खरं नाही."

मला वाटलं, आपण मर्यादा सोडली. पण भाऊसाहेबांनी पेन घेऊन ते वाक्य खोडलं आणि समासात स्वतःच्या हातानं लिहिलं. मावशीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि पुढे 'हिच्या सल्ल्याने व देखरेखीखाली.' माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाइप करा."

साहेबांनी ते वाचलं आणि तिला बोलावलं. ती दारात उभी राहून डोक्यावरचा पदर सारखा करत होती. साहेबांनी दोन-तीन बस्ते स्वतः सोडून बघितले. मग विचारलं, "दुसऱ्या एका ऑफिसातही असंच भिजलंय. दाखवायला जाल का?" ते तिला 'जाल का' म्हणाले. ती 'हाव' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गेलीही. परत आल्यावर तिचं पाणी भरायचं काम सुटलं आणि आमच्या दप्तरखान्यात बस्ते बांधायचं काम तिच्याकडे आलं. रोजंदारी होती तीच राहिली, कायम मात्र ती झाली नाही. ते माझ्या हातात नव्हतं, आणि भाऊसाहेबांच्याही नव्हतं.

दिवाळीनंतर निलंग्याकडचा एक शेतकरी वारसाच्या नोंदीची नक्कल मागायला आला. भाऊ-भाऊ वेगळे होत होते. गाव ऐकलं आणि मी बस्ता काढून आणला. तोच बस्ता होता. मी पानं मोजत गेले. त्याचं पान त्या चारांत नव्हतं. कडेला वाफेनं आलेली थोडी लाट होती, अक्षर स्पष्ट होतं. मी नक्कल करून दिली. त्यानं ती घडी घालून टोपीत ठेवली आणि म्हणाला, "कागद नीट ठिवलाय तुम्ही लोकांनी." मी दप्तरखान्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या मावशींनी ठेवलाय." तो तिकडे गेला. ती बस्त्याला गाठ मारत होती. त्यानं तिला हात जोडले. तिला ते कशासाठी हे कळलं नसावं, पण तिनंही जोडले.

पुढे मी अहमदपूर, निलंगा, उदगीर अशी बदल्यांवर फिरले आणि नोकरी पुरी करून निवृत्त झाले. नव्यानं येणाऱ्या पोरापोरींना कागद गालाला लावून बघायला मी शिकवलं. ती हसायची आणि मग तसंच करायची.

मावशी त्या पावसाळ्यानंतर दीडेक वर्षानं लातूर सोडून गेली. नवऱ्याचं बांधकाम संपलं होतं, देगलूरकडे त्याच्या भावानं काम धरलं होतं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बस लागल्यावर मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, लेकरांना आत चढवलं, बोचकी दिली. मग तिचा हात धरून म्हणाले, "मावशी, तुम्ही नसता तर पहिल्याच वर्षी माझी नोकरी गेली असती. आणि काम कसं करायचं हेही मला कळलं नसतं. हे मला केव्हाचं सांगायचं होतं."

तिनं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते की काय, मला नीट दिसलं नाही, कारण माझेच भरले होते. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि आत चढली. मग खिडकीतून वाकून म्हणाली, "बाई, गाडी उदगीरला थांबती ना? धाकट्याला दूध पाजायचं हाय."

"थांबते," मी म्हणाले. "चांगली वीस मिनिटं थांबते."